ठकीची मोरी

भिमाआत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि हे ती अशा तोऱ्यात सांगायची की ऐकणाऱ्याला आपल्याच शिक्षणाची लाज वाटावी. ती बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हा लेकीला कडेवर घेऊन माहेरी आली ती कायमची आमचीच झाली. आमचं घर वडखळच्या पलीकडे, खाडीला लागून असलेल्या गावात. सकाळी मला जाग यायची ती आत्याच्या आवाजानेच. चुलीशी, कोंबड्यांशी, उतू जाणाऱ्या पेजेशी ती एका दमात भांडत असे. आई पेणच्या एका व्यापाऱ्यासाठी पोह्याचे पापड लाटायची. तिच्या लाटण्याचा आवाज आणि आत्याची बडबड यांचं असं काही जुळलं होतं की एक थांबलं की दुसरंही थांबे. जेवायला तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि खाडीने मेहरबानी केलीच तर चिंबोऱ्यांचं कालवण. नांगी फोडून माझ्या ताटात टाकताना आत्या म्हणायची, "खा गो कुंदे, तुझ्या कालेजात हे मिळायचं नाय." मी तेव्हा पेणला अकरावीत होते, आणि कॉलेजात जे मिळतं तेच खरं, अशी माझी पक्की समजूत होती.

त्या वर्षांत आमच्या गावाला शेतं होती आणि नव्हतीही. माझ्या जन्माआधी एका उधाणात बाहेरकाठा, म्हणजे खाडीच्या अंगाचा मोठा मातीचा बांध, फुटला होता. बांधाला पडलेल्या भगदाडाला आमच्याकडे खांड म्हणतात. ती खांड वेळेवर बुजवली गेली नाही, आणि खारं पाणी आत आलं ते घरजावयासारखं ठाण मांडून बसलं. बांधापुढे पूर्वी तिवरांचं दाट रान होतं. खाऱ्या चिखलात वाढणारी ही झाडं लाटेचा जोर आपल्या अंगावर घेत. पण ती आमच्याच लोकांनी चुलीसाठी आणि विटांच्या भट्ट्यांसाठी तोडून संपवली. मी पाहिली ती नुसती पांढरट, भेगाळलेली जमीन. तिथे ना भात पिकत होतं, ना मासा येत होता. बाबा कंपनीत शिफ्टला जायचे, आणि सुट्टीच्या दिवशी त्या ओसाडीकडे तोंड करून बिडी ओढत बसायचे. आपलं शेत कुठून कुठपर्यंत, हे ते मला बोटाने दाखवत. मला सगळीकडे सारखंच दिसे, पण मी हो म्हणत असे.

त्या मोडक्या बांधाची एक गोष्ट होती, आणि ती बायकांची होती. शेतं पिकत होती तेव्हा बेणणीच्या वेळी, म्हणजे भातातलं तण काढताना, गुडघाभर चिखलात वाकून म्हाताऱ्या बायका ती तरण्यांना सांगत. ठकी नावाची एक सून होती आणि दर्या तिचा सासरा. हा सासरा दिवसातून दोनदा जेवायला यायचा आणि सगळं भात खाऊन जायचा. शेवटी ठकीने एकटीने बांध घातला. तिची टोपली जिथे उलथली तिथे उंचवटा झाला. सासरा येताना दिसला की ओरडून सांग, असं तिने कोल्ह्याला बजावलं, आणि त्याला राहायला बांधापुढे तिवरं राखून दिली. जिताडीण, म्हणजे जिताडा माशाची मादी, बाळंतपणाला आली, तर तिला बांधाच्या आत खोल डोह दिला. मग बांध जिथे वळतो तिथे ठकी आली. दिवसभर कामात तिला उसंत मिळाली नव्हती. तिने लुगडं वर केलं आणि तिथेच मुतायला बसली. नेमका तेव्हाच सासरा आला. सुनेला तसं बघून बिचारा लाजला, मान वळवून म्हणाला, "सूनबाई, ही तुझी मोरी. इथं भित घालू नको. मी इथनंच येईन, मान खाली घालून येईन आन् तसाच जाईन." इथे बायका हसून हसून चिखलात बसायच्या. पुरुषांना कोल्ह्यापर्यंतचीच गोष्ट ठाऊक होती. पुढचं त्यांच्यासमोर कोण सांगणार?

मी अकरावीत असतानाच गावकीने ठरवलं की बांध पुन्हा घालायचा. हा शेवटचा प्रयत्न. यंदा टिकला तर टिकला. गेला तर पुन्हा हात लावायचा नाही, आणि जमीन विचारत फिरणाऱ्या दलालाला सगळ्यांनी मिळून हो म्हणायचं. आमच्या मदतीला एक निवृत्त साहेब आले. त्यांनी आयुष्यभर पाटबंधाऱ्यांची कामं केली होती. माणूस सरळ होता. नुसता बांध घालून भागणार नाही, पुढची तिवरं आणि आतले मासेसुद्धा परत आले पाहिजेत, असं ते म्हणत. जुना बांध नेमका कसा होता, हे ते गावात विचारत फिरले. पण पुरुषांना विचारावं तर प्रत्येकाचा बांध त्याच्याच शेताच्या सोयीने वळायचा. शेवटी आईने सुचवलं, भिमाआत्याची गोष्ट ऐका, तिच्यात कुणाचं शेत नाही. आत्या साहेबांसमोर तोंड उघडायला तयार नव्हती. म्हणून तिने मला सांगायचं आणि मी वहीत उतरवायचं, असं ठरलं.

चार दुपारी आम्ही पडवीत बसलो. आत्या वाल सोलत सांगायची, मी लिहायची. माझं अक्षर चांगलं होतं, आणि साहेबांनी ते पहिल्याच दिवशी चारचौघांत सांगितलं होतं. तिथेच माझी माती झाली. वळणाशी आल्यावर माझा हात थांबला. चष्म्याच्या काचा रुमालाने पुसणारा तो माणूस हे वाचणार. आमच्या बायका असलं बोलतात असं त्याला वाटणार. आणि हे लिहिणारी मी. मला घाम फुटला. मग मी माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं : 'येथे ठकीने हात जोडून दर्याची प्रार्थना केली. दर्या प्रसन्न झाला.' आत्या म्हणाली, "वाच बगू." मी वहीवर नजर ठेवली आणि तोंडाने आत्याचेच शब्द म्हटले, लुगड्यापासून मोरीपर्यंत, एकही न गाळता. आत्या खूश होऊन हसली. "आसंच लिवलंस ना?" मी म्हटलं, "व्हय आत्या."

पुढे मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. पोरांच्या नाना तऱ्हेच्या थापा ऐकल्या, आणि बहुतेकींचं मला हसूच आलं. पण ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवताना केलेला खोटेपणा मला आजही सगळ्यात नीच वाटतो. तो मी केला, तोही घरच्या माणसाशी.

शिमगा झाला आणि कामाला तोंड लागलं. साहेबांनी माझी वही छातीशी धरून बांध चालून पाहिला. कोल्ह्याच्या जागी तिवरांची रोपं लावली. जिताडीणीचा डोह पुन्हा खोल केला. सगळं जुळत होतं आणि साहेब लहान मुलासारखे हरखले होते. वळणाशी येऊन ते म्हणाले, "प्रार्थनेची जागा म्हणजे पक्की जागा. लोक देव बसवतात ते घट्ट जमिनीवरच." उन्हाळ्यात वरची माती दगडासारखी वाळलेली. पहार मारून पाहिली तर ठण्ण वाजली. तिथे त्यांनी दगड घालून बांध सगळ्यात भक्कम केला. पाणी आत-बाहेर सोडायची फळ्यांची उघाडी ठेवली दोनशे पावलांवर, सोयीच्या जागी. पुरुषांनी वळणावर नारळ फोडला. मातीच्या टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आत्याही त्यांच्यात होती. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मनाशी म्हटलं, गोष्टच तर आहे, गोष्टीने कुठे बांध फुटतो?

आषाढ लागला तेव्हा आत्या रोह्याला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. आत गोडं पाणी साचलं, मिठाचा पांढरा थर विरघळून गेला, आणि बाबांनी अठरा वर्षांनी राव्याला, म्हणजे मोड आलेलं भात पेरायला, हात घातला. लाल तांदळाची रोपं तरारली. बाबा घरी येऊन सांगत, "आज बगळे आलं गो," जसं कुणी पाहुण्यांचं सांगतं. पण अमावस्येच्या दोन दिवस आधी ते आले आणि पाय न धुताच ओट्यावर बसले. आई म्हणाली, "काय झालं?" ते म्हणाले, "बांधाला घाम आलाय." नव्या बांधाच्या आतल्या अंगाने पाणी पाझरायला लागलं की तसं म्हणतात. कुठे, ते विचारायची मला गरज नव्हती, तरी मी विचारलं. "वळणाव," बाबा म्हणाले. "जिथं नारल फोडला तिथंच."

दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाहिलं. आतल्या बाजूला पावसाचं सगळं पाणी त्या वळणाशी येऊन तुंबलं होतं, कारण जमिनीचा उतार तिकडेच होता. उघाडी दोनशे पावलांवर उंच जागी कोरडी उभी. बांधाच्या तळाशी गढूळ पाणी बुडबुडत होतं, आणि चिंबोऱ्या बिळं सोडून बांधावर चढत होत्या. बाबा आणि आणखी दहा-बारा जण त्याच जागी पेंढा आणि माती दाबत होते. पावसाळ्यात आमच्याकडे दिवसाची भरती मोठी असते. उद्या अमावस्येला दुपारी उधाण येणार होतं, आणि बांध बसला तर ही माणसं त्याच्या खालीच असणार होती. मी बाबांना हाक मारली, ते म्हणाले, "घरी जा," आणि मी गेले. पण घरी नाही. वडखळला येऊन मी रोह्याची एसटी धरली. गडब गेलं, नागोठणं गेलं, आणि माझ्या मांडीवर दप्तरात ती वही होती, साहेबांनी काम झाल्यावर परत दिलेली. खरं सांगायचं तर मी आत्याला आणायला चालले होते. तिने येऊन सांगावं, म्हणजे मला सांगावं लागणार नाही, हा माझा हिशोब.

रोह्याला आत्या बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती. मी दारातच सगळं बोलून टाकलं. तिने ऐकलं, पण हात थांबवले नाहीत. बाळाचं डोकं धुतलं, अंग पुसलं, धुरी दिली, गुंडाळून लेकीच्या कुशीत ठेवलं. मग म्हणाली, "वळणाव दगड घातला तवा मी बगितलं व्हतं. बोलनार व्हते. मग म्हटलं, साहेबानं वाचलंय. माज्या कुंदीच्या हातचं वाचलंय. त्याला आपल्यापरीस जास्त कळत आसंल." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी रडायला लागले आणि म्हटलं, "आत्या, तू चल." ती म्हणाली, "पाच दिवसांची बाळंतीण टाकून? माजी गोष्ट माज्या तोंडातनं बरोबर निगाली व्हती. लिवलंस तू, आता बोल पन तूच." तिने मला जेवायला वाढलं. निघताना तिने पदराने माझं तोंड पुसलं.

परतीची गाडी नागोठण्याला तासभर रखडली. बांधावर पोचले तेव्हा दिवस कलला होता. पुरुष थकून बसले होते, बायका भाकऱ्या घेऊन आल्या होत्या, साहेब छत्री टेकून उभे होते. मी वही उघडली आणि म्हणाले, "यात मी एक ओळ खोटी लिहिली आहे." सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, "इथे ठकीने प्रार्थना केली नाही. ती... लघुशंकेला बसली होती." कुणाला काही कळलं नाही. साहेब म्हणाले, "बाळ, तू घरी जा, आत्ता ही वेळ नाही." बांधाखाली बुडबुडे येतच होते, आणि बाबा फावडं उचलून पुन्हा खाली उतरायला निघाले. तेव्हा मी ओरडले. आत्याच्याच शब्दांत, आत्याच्याच आवाजात म्हणावं तसं, ठकी इथे लुगडं वर करून मुतली, सासऱ्याने बघितलं, आणि इथे भिंत घालू नको म्हणाला, ही त्याची वाट आहे. बापासमोर, गावासमोर ओरडले.

कुणी हसलं नाही. मग बायकांमधून माझी आईच म्हणाली, "खरं हाय. आमी समद्यांनी ऐकलंय." मागून दुसरी म्हणाली, "आमाला वाटलं, वहीत हाय. साहेबाला म्हाईत हाय." साहेबांनी माझ्या हातातून वही घेतली, ती ओळ वाचली आणि वळणाच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. आतलं पाणी कुठून कसं येऊन तुंबलंय, हे ते जणू पहिल्यांदाच बघत होते. "खाली जुनी नाळ आहे," ते हळूच म्हणाले. "खाडीची जुनी वाट. वरून माती वाळली होती आणि मी फसलो." बाबा म्हणाले, "मंग?" साहेब म्हणाले, "भरतीच्या आत आपल्याच हाताने तोडून इथे उघाडी बसवायची. नाहीतर उद्या ती स्वतः तोडेल." आपण तीन महिने टोपलीटोपलीने घातलेला बांध आपणच तोडायचा. बाबांनी फावड्याची माती पुसली. मग म्हणाले, "फळ्या कुठनं आणायच्या?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "दारं काढा."

उजाडता उजाडता ओहोटीचं पाणी पुरतं उतरलं आणि बाबांनी पहिला घाव घातला. गावातली नऊ दारं त्या सकाळी बिजागऱ्यांतून निघाली. आमचं पुढचं दार आईने आणि मी डोक्यावरून आणलं, देव्हारा आणि चूल उघडी टाकून. तिवराचे जुने, काळे पडलेले खांब चिखलात ठोकले, कारण ते लाकूड खाऱ्या पाण्यात कुजत नाही, आणि त्यांच्या खाचांत दारं वरून खाली सरकवली. साहेब कंबरभर चिखलात उभे राहून खूण करत होते. चष्मा कधीच कुठेतरी पडला होता. दुपारपर्यंत खाडी भरत आली. पाणी तिवरांच्या रोपांतून सरसरत पुढे आलं, बांधाला लागलं आणि चढायला लागलं. दारं करकरली. बाबांनी मधलं दार हातभर उचलून धरलं, आणि पाणी खालून आत शिरलं. गढूळ, फेसाळ, पण वाकून, मान खाली घालून आलं. डोहात पसरलं आणि राव्याच्या वाफ्यांच्या बरंच अलीकडे थांबलं. बांध थरथरतोय असं मला पायाखाली जाणवत होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग कुणीतरी म्हणालं, "फिरलं," आणि खरंच बाहेरचं पाणी एक बोट उतरलं होतं. तेव्हा कुठे एका म्हातारीला हसू फुटलं. ती म्हणाली, "सासरा लाजला गो," आणि मग बायका हसता हसता तिथेच चिखलात बसल्या. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "दार आता हितंच ऱ्हाईल." दोन महिने आमच्या घराला दाराऐवजी गोणपाट होतं.

तो बांध अजून आहे. तिवरं आता दोन पुरुष उंच झाली आहेत, आणि संध्याकाळी त्यांच्यात कोल्हे ओरडतात. डोहात जिताडा येतो, आणि तो कुणी किती धरायचा यावरून गावात भांडणंही होतात, म्हणजे सगळं पहिल्यासारखं झालं म्हणायचं. शाळांच्या सहली येतात. वळणाजवळ एक फलक आहे, आणि त्यावर ठकीने दर्याची प्रार्थना केली असंच लिहिलेलं आहे. वही दुरुस्त होण्याआधी कुणीतरी तिची नक्कल उतरवून नेली होती. फलक बदला म्हणून मी तीनदा अर्ज केला. आता सहल आली की मीच जाऊन फलकापुढे उभी राहते आणि खरं काय ते सांगते. पोरं खिदळतात, बाई ओशाळतात, आणि जागा कुणी विसरत नाही.

आत्या सव्वा महिन्याने रोह्याहून आली. आल्या आल्या दाराच्या गोणपाटाकडे पाहून म्हणाली, "बरं झालं, वारा येतो." मी वही घेऊन तिच्यापुढे बसले. ती ओळ खोडून खाली खरी लिहिली होती, ती मी वाचायला लागले. आत्याने माझ्या हातातून वही काढून घेतली. डोक्यावर पदर घेतला आणि थेट बांधावर गेली. ज्या साहेबांसमोर ती कधी बोलली नव्हती, त्यांच्यापुढे तिने वही धरली. "साहेब, तुमी वाचा." साहेबांनी घसा साफ केला, नवा चष्मा नाकावर बसवला, आणि शाळेतल्या पोरासारखं एकेक शब्द मोठ्याने वाचला. "मुतली" इथे त्यांचा आवाज किंचित हलला, पण शब्द त्यांनी गाळला नाही. आत्याने मान डोलावली. "हां. आता बरोबर." मग वही मला परत दिली.

त्यानंतर ती वीस वर्षं जगली. माझ्यावर माया केली, माझी बाळंतपणं केली, चिंबोरीची नांगी फोडून मलाच देत राहिली. रोह्याहून लेकीचं पत्र आलं की ते आधी माझ्याच हातात द्यायची, मी वाचून दाखवायची, ती डोळे मिटून ऐकायची. मग तेच पत्र घेऊन शेजारी जायची आणि तिथल्या सुनेला म्हणायची, "जरा वाच गो." मी पडवीत बसून ऐकत असे. सुनेचं वाचून झालं की आत्या म्हणे, "व्हय, तेच हाय," आणि पत्राची घडी करून कनवटीला खोची.